सोनं कुणाच्या वाट्याचं?

डोटा २ मध्ये आज सव्वाशेच्या आसपास हिरो आहेत. आमच्या संघात नवा मुलगा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, हा हिरो कॅरी की सपोर्ट?" मी उलट विचारतो, "त्याला सोनं किती लागतं?"

गेममध्ये प्रत्येक हिरोवर शिक्के मारलेलेच आहेत: कॅरी, सपोर्ट, डिसेबलर, इनिशिएटर, पुशर. शिवाय ताकद, चपळाई, बुद्धी असे गट. २०२३ मध्ये त्यांत 'युनिव्हर्सल' हा चौथा आला. एवढं पाठ करूनही ड्राफ्ट जमत नाही. हिरोला काय येतं ते कळतं, त्याला काय लागतं ते कळत नाही.

म्हणून खेळणारे एक ते पाच नंबरांत बोलतात. एका क्रीपचा लास्ट हिट एकालाच मिळतो, त्यामुळे पंगतीत आधी कुणाला वाढायचं हे ठरवावंच लागतं. नंबर म्हणजे तो क्रम. अँटी-मेज एकला, कारण बॅटल फ्युरी हाती येईपर्यंत त्याच्याकडून लढाईत फारशी अपेक्षा नसते. क्रिस्टल मेडन पाचला. खिशात दमडी नसली तरी तिची फ्रॉस्टबाइट समोरच्याला जागच्या जागी खिळवते. गरिबीत कोण काम करतं, एवढंच मी बघतो.

व्हेंजफुल स्पिरिटचं नेदर स्वॅप घ्या. शत्रूचा कॅरी आपल्या माणसांच्या आडोशाला उभा आहे. ती त्याच्याशी जागा बदलते: तो आमच्या चौघांत येऊन पडतो, ती त्यांच्या चौघांत. बहुतेकदा दोघंही मरतात आणि सौदा आमच्या फायद्याचा ठरतो, कारण आमचा पाच नंबर गेला, त्यांचा एक. आता हीच बाई कॅरी म्हणून खेळवा. तशीही खेळवतात. सगळं सोनं तिच्या अंगावर असताना तेच स्वॅप तसंच मारलं, तर संघ तिला शिव्या घालेल. जादू तीच, हिरो तोच. सौदा मात्र उलटला.

आयोचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. हा चमकता गोळा सोबत्याला टेदरने जोडून घेणारा, सपोर्टांतला सपोर्ट. २०१९ मध्ये शांघायच्या 'द इंटरनॅशनल'ला ओजी संघाच्या आनाने तो एक नंबरला खेळवला, आणि ओजीने सलग दुसऱ्यांदा किताब मारला. मग रोजच्या सामन्यांत जो तो आयो कॅरी घेऊ लागला. आयो घ्यायचा, पण बाकीच्या चौघांनी त्याच्याभोवती कसं खेळायचं ते ठरवायचं नाही, असा सगळा मामला!

ओव्हरवॉचची गोष्ट वेगळी. तिथे २०१८ मध्ये ऑफेन्स आणि डिफेन्स मिळून एकच डॅमेज गट झाला, सिमेट्राला सपोर्टमधून उचलून त्यात टाकलं, आणि पुढच्या वर्षी रोल क्यू आली. कोणत्या गटातले किती जण खेळायचे हे त्यात कंपनीच ठरवते. शिस्त आहे, पण मला करमत नाही.

आमच्याकडे सध्या वाद मिरानावरून आहे. तिचा बाण जितका लांबून लागेल तितका वेळ समोरचा सुन्न. त्याला पैसा लागत नाही, म्हणून चार नंबरवाला तिच्यावर हक्क सांगतो. मिडवाल्याला ती दोनला हवी. मी निकाल देत नाही. दोन्हीकडे चालणारी हिरो ड्राफ्टमध्ये लवकर उचलली की समोरच्यांना आमची मांडणी कळत नाही, आणि त्यांचे एकदोन बॅन वाया जातात. त्यांनी मिरानाच बॅन केली, तर भांडणच मिटलं.