सात दिवसांचं शटर

पंचवटी कारंज्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर आमचं मेडिकल आहे. लायसन पप्पांच्या नावावर, रजिस्टर्ड फार्मासिस्टही तेच. मी इंजिनिअर. काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत या फरकाला किती महत्त्व असतं, हे मला डिसेंबर २०१८मध्ये कळलं.

मी शेवटच्या वर्षाला होतो, सुट्टीत घरी आलो होतो. पप्पा बँकेत निघाले. जाताना म्हणाले, "डायपर, बिस्किटं तेवढी दे. चिठ्ठीचं औषध मागितलं तर थांबायला सांग."

थोड्या वेळाने ओळखीचे एक काका खोकत आले. अँटिबायोटिकचं रिकामं पाकीट पुढे करून म्हणाले, "हेच दे रे." मी दिलं. चिठ्ठी बघितली नाही, बिलही केलं नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाने ओळखपत्र काढलं. एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक.

"फार्मासिस्ट कोण?"

"पप्पा. येतीलच आता."

त्यांनी आवाज चढवला नाही. तपासणी वही मागितली आणि जे दिसलं ते लिहिलं. पप्पा आले, त्यांनी वाचलं आणि सही केली. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे 'कारणे दाखवा' नोटीस आली. माझ्या मित्राचे मामा मुंबईत 'वर' कुणाला तरी ओळखत होते. मी फोन लावायला निघालो, तेव्हा पप्पांनी थांबवलं. "अरे, नोटीस म्हणजे आपल्याला बोलायची संधी आहे. मग बोलू की खरं." त्यांनी झालं ते लिहून दिलं. आदेश आला: सात दिवस लायसन निलंबित. राज्य सरकारकडे अपील करायला तीन महिने होते. त्यांनी केलं नाही.

ते सात दिवस पप्पा घरी बसून नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन करत होते. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या दुसऱ्या दुकानातून घ्या म्हणून सांगत होते. त्यातले काही परत आलेच नाहीत.

सप्टेंबर २०२२मध्ये मी पुण्यात ऑफिसात होतो. बातमी वाचली: एफडीएने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचं बेबी पावडरचं लायसन रद्द केलं. नमुने कधी घेतले होते? डिसेंबर २०१८मध्ये. कुठून? पुण्यातून आणि नाशिकमधून. पावडरचा पीएच ५.५ ते ८ या मर्यादेत बसत नव्हता. मी तिथूनच पप्पांना फोन केला. "आपला निकाल काही महिन्यांत, यांचा पावणेचार वर्षांनी!"

कंपनी मंत्र्यांकडे अपिलात गेली, तिथे हरली, मग उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नवे नमुने दोन सरकारी आणि एका खासगी प्रयोगशाळेतून तपासून घेतले. ते मर्यादेत निघाले. ११ जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एफडीएचे आदेश रद्द केले. मुंगी मारायला हातोडा उचलता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. कारवाईला लागलेल्या उशिरावरही बोट ठेवलं.

"बघा," मी पप्पांना म्हणालो, "आपणही अपील करायला हवं होतं."

"त्यांचं म्हणणं होतं की माल बरोबर आहे. आपलं काय म्हणणं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तोपर्यंत मला नोटीस, फेरतपासणी, अपील या सगळ्या मोठ्यांनी निसटायच्या वाटा वाटायच्या. पण आम्हालाही नोटीस आली होती, आमचंही ऐकून घेतलं होतं, कारण लिहून आदेश दिला होता. वाटा त्याच होत्या. माझा राग खरं तर उशिरावर होता. आमच्या कामात सर्व्हर पडला की त्याच आठवड्यात बसून काय झालं ते लिहितो. पावणेचार वर्षांनी लॉग उघडून काय उपयोग? ती पावडर खराब असेल, तर एवढा काळ ती बाळांच्या अंगाला लागत राहिली. चांगली असेल, तर कारखाना उगाच बंद केला. कुठल्याही बाजूने बघा, उशीर चुकीचाच. आम्हाला शिक्षा झाली तेव्हा मला त्या काकांचा खोकलासुद्धा आठवत होता. म्हणून ती लागू पडली.

गेल्या दिवाळीत घरी होतो. पप्पा बाहेर गेले होते, मी काउंटरवर. तेच काका आले, हातात रिकामं पाकीट.

"काका, पप्पा अर्ध्या तासात येतील."

"अरे, तू दे की. आपल्या घरचंच दुकान आहे."

"नाही देता येत."

ते पुटपुटत बाहेर पायरीवर बसले. मी त्यांना पाणी नेऊन दिलं.