नोकरी त्यांची, पीआर तुझा

भवानी पेठ, सोलापूर

चि. छोटीस,


जावईबापूंना दुबईत मोठं पद मिळालं हे ऐकून घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. दुबई म्हणजे मुंबईहून तीन-साडेतीन तासांचं विमान. टोरांटोहून यायचं म्हणजे तुझा दीड दिवस जातो, आणि सोलापूरची गाडी चुकली तर आणखी अर्धा. शेंगाचटणी कुणाबरोबर पाठवायची याचा विचार वहिनीने आतापासूनच सुरू केला आहे. पण परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "पीआरचं काय व्हायचं ते होईल आत्या, आता यांच्याबरोबर जायलाच हवं." त्यावर कुणी काही बोललं नाही. मला मात्र ते वाक्य पटलेलं नाही, म्हणून हे पत्र. यात आकडे बरेच आहेत आणि आकडे फोनवर नुसते कानावरून जातात.

आधी तो पीआर, म्हणजे कॅनडातला कायमचा वास, आला कसा ते आठव. पुण्यात दिवसभर नोकरी करून रात्री आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास तू केलास. पदव्यांचं मूल्यांकन, प्रत्येक कंपनीकडून अनुभवाची पत्रं, पोलिसांचा दाखला, हे सगळं तू एकटीने उभं केलंस. एक्सप्रेस एन्ट्री या गुणांवर निवड करणाऱ्या योजनेच्या अर्जात मुख्य अर्जदार तू होतीस, जावईबापूंचं नाव तुझ्या नावाखाली होतं. 2024 च्या जानेवारीत तुम्ही दोघं टोरांटोत उतरलात ते तुझ्या गुणांवर. हे मी त्यांना कमी लेखायला लिहीत नाही. ते स्वतःच चारचौघांत कौतुकाने सांगतात. पण ज्या गोष्टीसाठी तू इतकी झिजलीस ती "काय व्हायचं ते होईल" म्हणून सोडून द्यायची नसते. सोडायची असेल तर विचार करून सोड, मी एक शब्द बोलणार नाही.

आपल्या घराने हे आधी पाहिलेलं आहे. मिल बंद पडली तेव्हा तुझे आजोबा भिवंडीला यंत्रमागावर गेले. सोलापूरच्या पद्मशाली घरांतली कितीतरी माणसं अशी गेली. आजीला सगळ्यांनी सांगितलं, संसार उचल आणि त्यांच्यामागे जा. आजी विड्या वळायची. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, वळलेल्या विड्या नेऊन द्यायची, नापसंत विड्यांची छाट निघाली तर तेवढ्यावर पाणी सोडायची. लोकांच्या लेखी ते काम हलकं. पण तिच्याजवळ तिच्या नावाचं कार्ड होतं, आणि 1977 पासून विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधी लागू झाल्यावर तिच्या नावाचा फंडही होता. फार दिवस गेलं नाही तर रजिस्टरातून नाव निघतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती भिवंडीला जायची, आजोबांची खोली लावून द्यायची आणि नाव निघायच्या आत परत येऊन मांडीवर सूप घेऊन बसायची. बोळातल्या बायका तिला हट्टी म्हणायच्या. पुढे छातीच्या दुखण्याने आजोबा परत आले तेव्हा घर त्या कार्डावर चाललं. बँकेच्या परीक्षेची माझी फीसुद्धा त्याच पैशातली. 2006 मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली, पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. ज्यांची कार्डं चालू होती त्या आपल्या शेजारणींची नावं त्या यादीत लागली. नवऱ्यामागे गेलेल्या आणि नाव घालवून बसलेल्या दोघीतिघी मला अजून आठवतात.

आता तुझ्या कार्डाचं. कॅनडाचा कायदा या बाबतीत स्वच्छ आहे: कोणत्याही पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात राहिलेलं असावं लागतं. सलग राहायची गरज नाही. उतरलात तो दिवस धरतात आणि निघालात तोही. ही पाच वर्षं कॅलेंडरवर ठरलेली नसतात. अधिकारी ज्या दिवशी तपासतो त्या दिवसापासून मागे पाच वर्षं मोजतो, म्हणजे ती रोज एक दिवस पुढे सरकतात. सोलापूरच्या खेपा वजा करता तुझे येत्या 2026 च्या जूनपर्यंत साडेआठशेच्या आसपास दिवस भरतात. 2029 च्या जानेवारीपर्यंत त्यातला एकही गळत नाही. त्यानंतर 2024 च्या जानेवारीपासूनचे दिवस रोज एक याप्रमाणे गळू लागतील, आणि तू दुबईतच असलीस तर 2029 च्या उन्हाळ्यात कधीतरी 730 च्या खाली येशील. म्हणजे आज घाबरायचं काहीच कारण नाही. पण "दोन वर्षांचा तर करार" म्हणून गेलेली माणसं पाचव्या वर्षीही तिथेच असतात, हे बँकेच्या काउंटरवर बसून मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

जावईबापूंच्या नोकरीमुळे तुझे दिवस भरतील, असं तुला कुणीतरी सांगितलंय. ते अर्धंच खरं आहे. परदेशातले दिवस दोन वाटांनी धरले जातात. नवरा किंवा बायको कॅनडाची नागरिक असेल आणि तुम्ही एकत्र राहत असाल, ही एक. दुसरी अशी की पीआर असलेल्या माणसाला कॅनडातल्या कंपनीने किंवा तिथल्या सरकारने पूर्णवेळ कामावर परदेशी पाठवलेलं असेल. मग त्याचे दिवस धरतात आणि बरोबर राहणाऱ्या जोडीदाराचेही. जावईबापू अजून नागरिक नाहीत. म्हणून सगळं त्या नेमणुकीच्या पत्रावर येऊन थांबतं. टोरांटोच्या कंपनीने नोकरी चालू ठेवून त्यांना दुबईला पाठवलं असेल तर दोघांचेही दिवस टिकतात. टोरांटोचा राजीनामा देऊन दुबईच्या कंपनीत नव्याने रुजू व्हायचं असेल, मग ती त्याच नावाची शाखा का असेना, तर हा आधार बहुतेक हातचा गेला म्हणून समज. सही करायच्या आधी ते पत्र मागून घे आणि नीट वाच. पाठवणारी कंपनी कुठली, पगार कोण देणार, मुदत किती, परत यायचं लिहिलं आहे का, एवढं तरी बघ. टोरांटोतल्या परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराला नाहीतर वकिलाला दाखव. हा खर्च कर.

पेठेतले सल्ले मात्र ऐकू नकोस. एक म्हणतो, सहा महिन्यांतून एकदा तोंड दाखवून आलं की झालं. ती अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची गोष्ट, आणि तिथेही ती तशी खरी नाही. सहा महिन्यांवर बाहेर राहिलं की प्रश्न विचारतात. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, री-एन्ट्री परमिटचा अर्ज करावा लागतो आणि ते साधारण दोन वर्षांचं मिळतं. तिथे दिवसांपेक्षा तुमचं खरं घर कुठे आहे हे पाहतात. ब्रिटनचा कायमचा वास सलग दोन वर्षं बाहेर राहिल्यावर जातो, जर्मनीचा सहसा सहा महिन्यांतच. दुसरा म्हणतो, कार्डाची मुदत संपली की पीआर संपला. तसंही नाही. कार्ड नुसता प्रवासाचा कागद आहे. पीआर जातो तो अधिकाऱ्याने रीतसर निर्णय दिल्यावर, तू स्वतः सोडल्यावर किंवा नागरिक झाल्यावर. मुदत संपलेलं कार्ड घेऊन मात्र विमानात बसता येत नाही. त्यासाठी परदेशातूनच प्रवासाचा वेगळा कागद मागावा लागतो, आणि दिवसांचा हिशेब त्याच अर्जात निघतो. परदेशात असताना निर्णय विरुद्ध गेला तर अपिलाला साठ दिवस मिळतात. कराचं प्रकरणही यात मिसळू नकोस. करासाठी अनिवासी ठरलीस म्हणून कॅनडाचा पीआर जात नाही. उलट पीआर शाबूत असूनही ऑन्टारियोचं आरोग्य कार्ड जाऊ शकतं, कारण त्यासाठी बारा महिन्यांत 153 दिवस प्रांतात असावं लागतं.

दुबईची दुसरी बाजूही बघ. तिथे तुझा व्हिसा जावईबापूंच्या नावावर निघेल. त्यांची नोकरी गेली किंवा बदलली तर तुझं राहणंही लटकतं. शिवाय सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलीस तर तिथला साधा निवासी व्हिसा रद्द होतो. म्हणजे कॅनडाचे दिवस भरायला एकदम वर्षभर जाऊन येऊ म्हटलंस तर दुबईचा व्हिसा जाईल. या दोन घड्याळांचा मेळ आधीच घालावा लागतो.

बायकोचा ठावठिकाणा नवऱ्यामागे आपोआप जातो, ही समजूत कायद्यातसुद्धा होती. 1907 च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच जायचं. 1922 मध्ये तो बदलला, पण ज्याला नागरिकत्व मिळूच शकत नाही अशा माणसाच्या बायकोला सूट नव्हती. 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना त्याच वर्गात टाकलं, आणि क्रांतिकारक तारकनाथ दास यांची बायको मेरी, जन्माने अमेरिकन, आपल्याच देशाचं नागरिकत्व गमावून बसली. ब्रिटनमध्ये परक्याशी लग्न केलेल्या बायकांची यातून सुटका 1948 च्या कायद्याने झाली. आता तुझ्या कुठल्याही कागदावर असं लिहिलेलं नाही. तुझ्यासारखी शिकलेली मुलगी तेच आपल्या तोंडाने म्हणते तेव्हा मला त्रास होतो.

माझं मत विचारशील तर जावईबापूंना जूनमध्ये पुढे जाऊ दे. तू टोरांटोतली नोकरी धरून पुढच्या होळीपर्यंत थांब. नागरिकत्वाच्या अर्जाला पाच वर्षांत 1095 दिवस प्रत्यक्ष तिथे राहिलेलं लागतं. तिथे नवऱ्याबरोबर परदेशी काढलेले दिवस तुझ्या कामाचे नाहीत. तुला साधारण आठ महिने कमी पडताहेत, फार नाहीत. ते भरले की अर्ज कर आणि मग खुशाल दुबईला जा. शपथ होईपर्यंत पीआर जपावा लागेल, शपथेला कॅनडात हजर राहावं लागेल, एवढं धर. आणि तू नागरिक झालीस की गंमत बघ: तुझ्याबरोबर राहताना जावईबापूंचे परदेशातले दिवस धरले जाऊ शकतात. काही निकालांत कोण कुणामागे गेलं हेही पाहिलं गेलं आहे, त्यामुळे हे वकिलाला विचारूनच गृहीत धर.

मुलाबाळांचं बोलते, रागावू नकोस. तुम्ही दोघंही नुसते पीआर असताना मूल दुबईत झालं तर त्याला कॅनडाचं काहीच मिळत नाही. त्याला स्पॉन्सर करावं लागतं, आणि पीआर माणसाला ते कॅनडात राहूनच करता येतं. मूल होण्याआधी तू नागरिक झालेली असलीस तर ते जन्मतःच कॅनडाचं नागरिक.

यात एक गोष्ट जड आहे आणि ती तुझ्यापासून लपवत नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलंस की आपल्या 1955 च्या कायद्याप्रमाणे भारताचं जातं. पासपोर्ट परत करावा लागेल, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड. येणं-जाणं, राहणं, पेठेतल्या घरातला तुझा हिस्सा, यातलं काही अडत नाही. पण मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. तुझ्या बाबाला हे बोचेल, मलाही बोचेल. नकोच वाटलं तर घेऊ नकोस. पीआर ठेवून 730 चा हिशेब सांभाळ, मीसुद्धा इथे वहीत मांडून ठेवीन. कुठलाही रस्ता धरलास तरी तारीखवार यादी, बोर्डिंग पास, जुना पासपोर्ट, घरभाडं आणि पगाराचे कागद एका ठिकाणी ठेव. दुबईच्या विमानतळावर दर वेळी शिक्का बसेलच असं नाही, आणि कॅनडा आता विमानाने बाहेर जाणाऱ्यांचीही नोंद ठेवतो; तुझी यादी तिच्याशी जुळली पाहिजे.

दादाशी, म्हणजे तुझ्या बाबाशी, मी बोलले. त्याला वाटत होतं, जोडप्याने आठ-नऊ महिने वेगळं राहणं बरं दिसत नाही. मी त्याला आईच्या भिवंडीच्या खेपा आठवून दिल्या. तो गप्प बसला, आणि रात्री स्वतःहून म्हणाला की जावयांशी मीच बोलतो. तू त्याची वाट बघू नकोस. या आठवड्यात नेमणुकीचं पत्र मागून घे आणि त्याचा फोटो मला पाठव.

तुझी,
आत्या