दात आंबेपर्यंत

दातांवरचं आवरण झिजत चाललंय, असं दंतवैद्यांनी दिवाळीनंतर सांगितलं. कारणही त्यांनीच ओळखलं. आंबट द्राक्षं चावून बघणं आता बंद करा, म्हणाले. डिसेंबर-जानेवारीत माझं कामच ते. घडाच्या मधले दोन मणी तोडायचे, साल दाढेखाली दळायची, बी फोडून बघायची, थुंकायचं आणि पुढच्या ओळीत शिरायचं. वाइनच्या तळघरातल्या बाकीच्या कामांत नाकावर भागतं. पण फेसाळ वाइनसाठी शेनिन ब्लाँ नेमकी कुठल्या दिवशी तोडायची, हे मी आजवर दातांना विचारत आलो आहे.

हा एक दिवस मला कधीच सोपा गेला नाही. साध्या वाइनची शेनिन असेल तर थांबता येतं, चार दिवस इकडे-तिकडे झाले तरी चालतं. फेसाळ वाइनला साखर कमीच हवी, 17 ते 19 ब्रिक्स पुरे, कारण बाटलीत पुन्हा लिटरमागे 24 ग्रॅम साखर घालून दुसऱ्यांदा आंबवायचं असतं. तिथे मद्यार्क सव्वा टक्क्याच्या आसपास वाढतो आणि सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. साखर अशी मागाहून घालता येते, आंबटपणा मात्र वेलीवरूनच यायला हवा. दिंडोरीच्या बाजूला गोडी छाटणीनंतर डिसेंबरात मण्यात पाणी उतरतं, रात्री गारठा असतो आणि तोवर मॅलिक आम्ल मण्यात टिकून राहतं. संक्रांत ओलांडली, दुपार तापू लागली, की वेल श्वासावाटे ते जाळायला लागते. सोमवारी चावलेला मणी दातांत शिरशिरी आणतो आणि शुक्रवारी त्याच ओळीतला मणी नुसता गोड लागतो. शिवाय लवकर तोडावं तर साल हिरवी, कडवट. तो कडवटपणा बाटलीत दीड वर्षानंतरही तसाच राहतो. या दोन टोकांच्या मध्ये तीन-चार दिवस मिळतात, ते दर वर्षी वेगळे आणि एकाच बागेतल्या उताराला व माथ्याला निरनिराळे.

रिफ्रॅक्टोमीटर साखर सांगतो. प्रयोगशाळा एकूण आम्ल सांगते, पीएच सांगते, हल्ली मॅलिक आणि टार्टारिक वेगवेगळंही मोजून देते. तरी मी चावतो. टार्टारिक म्हणजे चिंचेतलं आम्ल. ते जिभेवर सरळ येऊन बसतं आणि तिथेच थांबतं. मॅलिक हिरव्या सफरचंदासारखं कडेकडेने जातं, गालांना पाणी सुटतं. मला बघायचं असतं ते त्याच्या पुढचं: मणी थुंकल्यावर आंबटपणा किती वेळ मागे राहतो. लगेच विरला तर बुडबुड्यांखाली तो टिकणार नाही. दात आंबून दहा-बारा पावलं चालेपर्यंत तसेच राहिले, तर ती ओळ रात्री तोडायला सांगायची. हे मोजायचं यंत्र मी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते निघू नये असंच मला वाटत आलं. माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी असतात. मी मान हलवली की क्रेट गाडीत चढतात, रात्री डोक्याला दिवे बांधून तोडणी सुरू होते. त्या क्षणाचा मला अभिमान आहे. वाइनपेक्षाही त्या मान हलवण्याचा जास्त असावा, असं दंतवैद्यांकडून परतताना प्रथमच जाणवलं.

बागाईतदारांना माझी घाई खटकते. नाशिकचा शेतकरी थॉमसन सीडलेसवर वाढलेला, त्याच्या लेखी गोडी म्हणजे द्राक्ष. ज्या तात्यांकडून आम्ही माल घेतो ते दर जानेवारीत म्हणतात, "अहो, अजून गोडी भरायची आहे, कच्चं काय तोडता?" भावही वर्षानुवर्षं ब्रिक्सवर ठरत आला, त्यामुळे थांबण्यातच त्यांचा फायदा. आंबट घडाला जास्त पैसे द्यावेत, करारात आम्लाचा आकडा लिहावा, हे मी पुष्कळ ठिकाणी बोलून पाहिलं. मात्र शेनिनचा घड इतका दाटीवाटीचा की एक मणी फुटला तर आतून सगळा सडतो. त्यामुळे अवकाळीचे ढग आले की तेच तात्या लवकर तोडा म्हणून फोन करतात.

आंबटपणा हातचा गेल्यावर पोत्यातलं टार्टारिक ओतणारे पुष्कळ आहेत. गरम मुलखात त्याला मुभा आहे आणि त्यात चोरी काही नाही. पण मला ते ओळखू येतं. ते वाइनमध्ये मुरत नाही, सुटं सुटं लागतं. आणि नुसता वायू भरून "स्पार्कलिंग" म्हणणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही. टाकीत फेस आणण्याच्या पद्धतीबद्दल मात्र माझ्या मनात आदर आहे. मार्तिनोत्तींनी 1895 मध्ये ती इटलीत नोंदवली, 1907 मध्ये फ्रान्समध्ये शार्मांनी ती सुधारली आणि प्रोसेकोचं द्राक्ष, ज्याला 2009 पासून इटलीत अधिकृतपणे ग्लेरा म्हणतात, ते त्याच पद्धतीत फुलतं. ग्लेराचा सुगंध हलका, पेअरसारखा. बाटलीत यीस्टच्या गाळावर दीड वर्ष ठेवला तर मरून जाईल. शेनिनचं उलट आहे. पहिल्या वर्षी ती गप्प असते, गाळावर राहूनच तिला भाजलेल्या पावाचा, मधाचा वास येतो. तिला टाकीतून सहा महिन्यांत बाहेर काढणं म्हणजे बोलायच्या आधीच उठवणं. लवारच्या खोऱ्यात वूव्रेला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आमच्याकडे 2013 मध्ये शांदों कंपनीने दिंडोरीच्या मालातून फेसाळ वाइन काढली तेव्हा शार्दने आणि पिनो न्वारच्या जोडीला शेनिनच घेतली, याचं मला समाधान वाटलं. त्याआधी ऐंशीच्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी फ्रेंच मदतीने बाटलीतली फेसाळ वाइन करून परदेशात विकली होती. त्यांची कंपनी पुढे बंद पडली. पण इथल्या मातीत हे होतं, हे पहिल्यांदा त्यांनी दाखवलं आणि आमच्यातले पुष्कळ जण ते विसरले.

मी मूळचा सुरतेचा. उधन्याला खानदेशी माणसांच्या वस्तीत वाढलो, वडील कापडाच्या कारखान्यात. सुरतेत माझं काम कुणी चाखलेलं नाही. गुजरातेत दारूबंदी, माझ्या हाताखालून गेलेली एकही बाटली मी आईकडे नेऊ शकलो नाही. नातेवाइकांना मी "द्राक्षाच्या कंपनीत" आहे एवढंच माहीत. हे मला वर्षानुवर्षं सलत आलंय. म्हणून फ्रेंच प्रवासी तेवनो 1666 मध्ये सुरतेला आला होता आणि त्याने तिथल्या द्राक्षांवर लिहून ठेवलंय, हे वाचलं तेव्हा मी जागचा उठलो. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून सुरतेत पांढरी द्राक्षं मिळत, मोठी आणि देखणी, पण चवीला यथातथाच. ती यायची चार दिवसांच्या वाटेवरच्या एका गावाहून. ते गाव म्हणजे आपलं नवापूर, असं मानतात. डच लोक घड जमेल तितके दिवस वेलीवर ठेवत आणि वाइन करत, तरी ती इतकी आंबट की साखरेशिवाय पिववत नसे.

उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीने मी लहानपणापासून नवापूरवरून गेलो आहे. तेच ते स्टेशन, ज्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिथून पांढरी द्राक्षं सुरतेला जात होती! तेवनोने त्या वाइनला नावं ठेवली, मी ठेवणार नाही. साखरेशिवाय पिता येत नाही इतकी आंबट वाइन हीच तर माझ्या कामाची सुरुवात. त्याच्या चारच वर्षं आधी, 1662 मध्ये, क्रिस्टोफर मेरेट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचून दाखवलं होतं की तिकडचे वाइनवाले साखर आणि काकवी घालून वाइनला फेस आणतात. सुरतेच्या डचांनी तीच साखर पेल्यात घातली. ती जाड काचेच्या बाटलीत घालून बूच घट्ट बांधलं असतं तर? कातारगाम दरवाज्याजवळ डचांचं कबरस्तान आहे, मलबारच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ करणारे व्हान रीड 1691 पासून तिथे आहेत. एवढी झाडं ओळखणाऱ्या माणसाला नवापूरची ती वेल कुठली, हे विचारावंसं वाटतं.

यंदापासून मणी चावायचं काम माझ्या हाताखालच्या मुलीकडे गेलं. निफाडची, वाइनचं रीतसर शिकलेली. सुरुवातीला मी तिला चिंचेचं पाणी आणि मॅलिक घातलेलं पाणी आलटून पालटून दिलं, ओळखायला लावलं. ती चुकत नाही. अडचण पुढेच आहे. ती म्हणते, "सर, आंबट आहे, साल अजून हिरवी आहे, दोन दिवस थांबू." मी विचारतो, दात किती वेळ आंबले? ती म्हणते, तसं सांगता येणार नाही, तरुण दात आहेत, लवकर सावरतात. म्हणजे माझ्या झिजत चाललेल्या दातांना जो आंबटपणा दहा पावलं टिकणारा वाटत होता, तो कदाचित दातांच्या झिजेमुळेच तसा वाटत होता? हा प्रश्न तिने विचारला नाही. तो माझाच आहे आणि अजून तसाच आहे.

गेल्या आठवड्यात उताराच्या ओळी मी म्हटलं त्या रात्री तोडल्या आणि माथ्याच्या तिने म्हटलं त्या रात्री. वेगळ्या दाबल्या, वेगळ्या आंबवायला लावल्या, बाटल्याही वेगळ्याच भरू. पुढच्या वर्षीच्या गणपतीच्या सुमाराला दोन्ही उघडतील. तिच्या बाटल्या सरस निघाल्या तर मला आनंद होईल, असं मी सगळ्यांना सांगतो आहे. मनातून मला माझ्याच सरस निघायला हव्या आहेत.