हंडा नाही, नळ तपासा!

मुळशीच्या पावसाबद्दल सगळेच लिहितात. धुकं, धबधबे, गरम भजी, ताम्हिणीचा घाट... आपल्या अंकातही दरवर्षी त्यावर किमान दोन कविता असतातच! पण ह्याच पावसात हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सकाळी पावणेनऊला जो 'टक्-टक्-टक्' आवाज येतो, त्यावर अजून कोणी कविता केलेली नाही. सेल्फचं बटण दाबलं की रिले नुसता टकटकतो, मीटरचे दिवे मंद होतात आणि आजूबाजूला जमलेले पाच तज्ज्ञ एका सुरात निदान करतात, "बॅटरी गेली रे!"

बहुतेक वेळा बॅटरी गेलेली असतेच. प्रश्न असा, की ती कशामुळे गेली? हे न विचारता नवी बॅटरी टाकणं म्हणजे पेशंट का दगावला हे न बघता त्याच खाटेवर दुसरा पेशंट झोपवणं.

माझ्या रूममेटच्या गाडीच्या बाबतीत नेमकं हेच चाललं होतं. तो माणगावकडचा. वडिलांच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यामुळे त्या वर्षी भाताच्या लावणीला घरात धडधाकट माणूस हा एकटाच. त्यामुळे जुलैमध्ये दर शनिवारी प्रॅक्टिकल संपलं की पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर करत घरी जायचं, रविवारभर चिखलात उभं राहायचं आणि सोमवारी पहाटे परत. गाडी सेकंडहँड, किक नसलेली. चार महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या होत्या. तिसरीसाठी मेसच्या बिलाला हात लावायची वेळ आली, तेव्हा तो म्हणाला, "गाडी विकूनच टाकतो." त्याला परवडत नव्हतं हे खरं, पण गाडी विकली तर लावणी कोण करणार, ह्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

पूर्वी बॅटरी उतरली तरी किक मारून गाडी घरी पोचायची. आता तसं नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट दिवसाही चालूच राहतो, म्हणजे लोड कायमचा. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन लागलं. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर पंपच चालत नाही, मग चार जणांनी धक्का मारूनही उपयोग शून्य. रात्री ताम्हिणीत, जिथे मैलोन्मैल मोबाईलला रेंज नाही, तिथे ह्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

आम्ही रस्त्याकडेच्या एका छोट्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. काकांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "पोरांनो, बॅटरी म्हंजे हंडा. नळाला पाणी न्हाई म्हणून हंडे बदलत बसलाय व्हय?"

एका वाक्यात अख्खी चार्जिंग सिस्टीम! नळ म्हणजे मॅग्नेट कॉइल. इंजिनबरोबर फिरणारे चुंबक आणि आत स्थिर असलेल्या कॉइल. फॅरडेने १८३१ मध्ये जे दाखवून दिलं, तेच इथे मिनिटाला हजारो वेळा घडतं. बाहेर पडतो तो एसी. रेग्युलेटर-रेक्टिफायर त्याचा डीसी करतो आणि व्होल्टेज साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही. तिथून वायरिंगमधून बॅटरी. म्हणजे बिघाड चारच ठिकाणी असू शकतो: कॉइल, रेग्युलेटर, वायरिंग किंवा खुद्द बॅटरी. (पाचवी शक्यता म्हणजे गाडी बंद असताना चोरून करंट खाणारी एखादी वस्तू. हौसेने लावलेले फॉग लाईट, यूएसबी चार्जर वगैरे!)

लॅब असिस्टंट सरांनी रजिस्टरवर सही घेऊन मल्टिमीटर दिला आणि रविवार सोडून शुक्रवारीच आमचं 'प्रॅक्टिकल' सुरू झालं. काका सांगणार, मी आकडे लिहिणार.

पहिली पायरी बॅटरी. रात्रभर बाहेर चार्ज करून, मग काही तास नुसती ठेवून मोजली: १२.७ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण एवढंच दाखवते, १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली गेलं नाही. म्हणजे हंडा ठीक.

दुसरी पायरी गाडी चालू करून. पाच हजार आरपीएमला बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. दिसलं १२.९. पंधराच्या वर गेलं असतं तर रेग्युलेटर बिघडला असं मानायचं, कारण तो बॅटरी उकळवतो. इथे उलटं होतं. पाणी कमी येत होतं.

तिसरी पायरी कॉइल. रेग्युलेटरकडे जाणारा कपलर काढला. तीन पिवळ्या वायर. गाडी चालू ठेवून, मीटर एसीवर ठेवून, दोन-दोन वायरच्या तीन जोड्या मोजल्या. तिन्हीकडे पंचावन्नच्या आसपास. आकडा गाडीगणिक वेगळा असतो, पण तिन्ही जोड्या सारख्या हव्यात, हे महत्त्वाचं. मग इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी वायर आणि बॉडी अर्थ ह्यांच्यात कंटिन्युइटी बघितली. नव्हती, आणि नसायलाच हवी. असती तर कॉइल जळून बॉडीला लागलेली. रेग्युलेटरचे डायोडही तपासले. एका दिशेने जाऊ देत होते, उलट दिशेने अडवत होते. तोही पास!

कॉइल पास, रेग्युलेटर पास, बॅटरी पास, आणि तरी गाडी नापास. इथे रूममेटचा चेहरा पडला. काका मात्र हसले. म्हणाले, "वीज तयार होणं येगळं आन् दारात पोचणं येगळं. आमाला नको शिकवू. आमच्या आज्याचं गाव ह्या धरणाखाली गेलं. वीज मुंबईला गेली."

ते गंमतीने म्हणाले, पण आम्ही दोघंही गप्प झालो. मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, हे आम्ही शाळेत दोन ओळींत वाचलेलं. धरण तरीही झालं. तेच पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात जातं, आणि ते वीजगृह १९२७ पासून चालू आहे. टर्बाईनचा हेड आम्ही परीक्षेत काढतो, पण पाण्याखाली काय आहे हे मी पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकत होतो.

चौथी पायरी. काकांनी मीटरची एक पिन रेग्युलेटरच्या लाल वायरला, तो कपलरच्या अलीकडे, आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावायला सांगितली. गाडी चालू, हेडलाईट चालू. एकाच वायरची दोन टोकं, फरक जवळपास शून्य हवा. आला १.४ व्होल्ट! रेग्युलेटर १४.३ देत होता, बॅटरीला मिळत होते १२.९. मधला कपलर उघडला तर एक पिन हिरवी पडलेली आणि भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं.

आता फर्स्ट इयरचं गणित करा. करंट समजा ५ अँपिअर. १.४ भागिले ५, म्हणजे ०.२८ ओहम. इतका किरकोळ रेझिस्टन्स! पण १.४ गुणिले ५ म्हणजे ७ वॅट उष्णता, आणि ती एका इवल्याशा पिनमध्ये. पावसाचं पाणी शिरलं, पिन गंजली, रेझिस्टन्स वाढला, पिन तापली, त्यामुळे ती आणखी खराब झाली... आणि बॅटरी कधीच पूर्ण भरली नाही. लेड-ॲसिड बॅटरी सतत अर्धपोटी राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती मरते. दोन बॅटऱ्यांचे मारेकरी सापडले होते!

नवा कपलर, क्रिंप करून वर सोल्डर, हीट-श्रिंक स्लीव्ह, डायइलेक्ट्रिक ग्रीस. खर्च दोनशेच्या आत. काकांनी मजुरी घेतली नाही, फक्त "घाटात सावकाश जा" म्हणाले. त्या शनिवारी तो निघाला आणि रात्री पोचल्याचा फोन आला. लावणी वेळेत झाली. गाडी आजही त्याच बॅटरीवर आहे.

आम्ही तीन खोल्यांनी वर्गणी काढून एक मल्टिमीटर घेतला आहे. पार्किंगमध्ये टकटक ऐकू आली की कोणीही येऊन न्यावा. अट एकच, वापरून झाल्यावर बंद करून आणून द्यावा. त्याच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी आत्तापर्यंत दोनदा उतरली आहे, आणि त्याला मात्र चार्जिंग सिस्टीम नाही!