कुंडी भंडाऱ्यातून परतल्यावर

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या नळाला कुलूप लागले. कुलूप आम्हीच बाजारातून आणले होते. बजाजनगरात उन्हाळा आला की पाण्याची ओढाताण ठरलेली. मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारे कामगार आमच्या बोअरचे पाणी हंडे आणि कॅन भरभरून नेत. मोटारीचे बिल वाढले, बोअर आटेल अशी भीती वाटू लागली. मीटिंग झाली आणि कुलूप लागले. पाऊस पडला, विहिरी भरल्या, पण ते कुलूप तसेच राहिले.

या जानेवारीत आमच्या अपार्टमेंटमधील सहा कुटुंबे मिनीबस करून बुऱ्हाणपूरला गेलो. लहानमोठे मिळून बावीस जण. सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, मुक्ताईनगर करत दुपारी पोहोचलो. तापीकाठचा शाही किल्ला पाहिला, जामा मशिदीत नमाज अदा केली. तिथे अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे. तो मुलांना दाखवला. मुलांचे लक्ष मात्र मावा जलेबीकडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी भंडारा पाहायला निघालो. वर दिसतात ती फक्त गोल तोंडाची विहिरीसारखी बांधकामे, एकामागून एक रांगेत. अशा शंभरावर कुंड्या आहेत. लिफ्टमधून चार-चार जण खाली उतरलो. सुमारे ऐंशी फूट खाली पाय थंडगार पाण्यात पडले. समोर खडकात खोदलेला अरुंद बोगदा होता. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले. बोलले की आवाज लांबवर घुमत जाई. मान वर केली की आकाशाचा रुपयाएवढा तुकडा दिसे. खाणीत उतरल्यासारखेच वाटत होते. फरक एवढाच की इथे खोदणाऱ्यांनी धातू किंवा कोळसा शोधला नव्हता, पाणी शोधले होते.

सातपुड्यातून जमिनीखाली झिरपत येणारे पाणी कुंड्यांत उतरते. कुंड्या आतून बोगद्याने जोडलेल्या आहेत. बोगद्याला अगदी हलका उतार दिलेला आहे, त्यामुळे पाणी आपोआप शहराकडे वाहते. मोटार नाही, वीज नाही. खोदताना माती बाहेर काढायला, हवा आणि उजेड यायला याच कुंड्या उपयोगी पडत. इराणात हिला कनात म्हणतात. 1615 मध्ये हे काम झाले. खोदवणारे होते अब्दुल रहीम खानेखाना, ज्यांचे दोहे आपली मुले हिंदीच्या पुस्तकात वाचतात. योजना आखणाऱ्या इराणी जाणकाराचे नाव तबकातुल अर्ज असे सांगतात. उर्दूत याचा अर्थ जमिनीचे थर. म्हणजे त्याच्या इल्मवरूनच हे नाव पडले असावे. ज्या मजुरांनी अंधारात खडक फोडला, त्यांची नावे मात्र कुठेच नाहीत.

वर येऊन उन्हात पाय सुकवत बसलो तेव्हा आम्ही मुलांना आपल्या शहराची गोष्ट सांगितली. खानेखाना मोगलांचे सरदार आणि मलिक अंबर निजामशाहीचा वजीर. दोघे एकमेकांचे वैरी. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला अंबर दख्खनमध्ये वजीर झाला आणि 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. तेच आपले शहर. 1616 मध्ये खानेखानांचा मुलगा शाहनवाज खान याने रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव केला आणि मोगल फौजेने खडकी उद्ध्वस्त केली. अंबरने शहर पुन्हा उभे केले आणि थोड्याच काळात हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून पाणी आणले. तीच नहर-ए-अंबरी.

एकीकडे तलवारी चालू होत्या आणि दोघेही आपापल्या शहरात जमिनीखाली पाण्याची वाट खोदत होते. दोघांच्या फौजा गेल्या, राज्ये गेली. पाणी राहिले. पुढे आपल्या पाणचक्कीतही भूमिगत नळांतून पाणी आले. त्या पाण्यावर जाते फिरे आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ निघे.

परतीच्या वाटेवर मुले झोपली. बसमध्ये कोणी विषय काढला नाही, पण आमच्या डोळ्यांसमोर ते कुलूप होते. गरजेपेक्षा जास्तीचे पाणी अडवू नये, ही नबी करीम (स.) यांची ताकीद आम्ही वर्गात किती वेळा शिकवली आहे! हजरत उस्मान (र.) यांनी मदिन्यातील रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हा प्रसंग तर मुलांना तोंडपाठ आहे. शिकवणारे आम्ही आणि कुलूप आणणारेही आम्हीच.

शेवटी अजिंठ्याच्या घाटात चहाला थांबलो तेव्हा हे बोलून दाखवले. लगेच सगळे राजी झाले असे नाही. "बिल कोण भरणार?" हा प्रश्न आलाच. "बोअर आटला तर आपण कुणाच्या दारात जायचे?" असे एका भाभींनी विचारले. त्यांचेही चुकीचे नव्हते. घरी आल्यावर दोन मीटिंगा झाल्या. दुसरीला खोल्यांतले दोन कामगारही आले. रोज असरनंतर एक तास नळ उघडायचा, बिलाचा काही वाटा त्यांनी द्यायचा आणि पावसाळ्यापूर्वी गच्चीचे पाणी पाइपने बोअरजवळच्या खड्ड्यात सोडायचे, असे ठरले. खड्डा खणायला तेच येणार आहेत.

खरी परीक्षा मे महिन्यात होईल, हे आम्हाला माहीत आहे. पाणी खोल गेले की मनेही आखडतात. पण निदान कुलूप निघाले आहे. ते आम्ही फेकलेले नाही, कपाटात ठेवले आहे. कपाट उघडले की ते दिसते, आणि दिसत राहावे असेच वाटते.