चिठ्ठी ठेवून जाते

गडाखालच्या गावात बाईमाणसाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "नवरा सोडतो का?" मला तो गुंजवण्यात विचारलाय, खिरेश्वरला विचारलाय, आणि कळसूबाईच्या पायथ्याला बारीत तर एका मावशींनी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघताच विचारला होता. त्यात खोचकपणा नसतो. जिला दोन दिवस माहेरी जायचं तरी घरातल्या सगळ्यांची सोय लावून निघावं लागतं, तिला पाठीवर सॅक अडकवून नुसता डोंगर चढायला आलेली दुसरी बाई दिसली की पहिली शंका हीच येणार. मी सांगते, "त्यांना डोंगराची आवड नाही, मला आहे. ते घरी आहेत." मावश्या मान डोलावतात. पुढचा प्रश्न बहुतेक वेळा पोराबाळांचा असतो.

मला गडांचा नाद लागला तो कॉलेजात, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. पायात हिरव्या कॅनव्हासचे हंटर शूज, कुणाकडून तरी मागून आणलेली सॅक, आणि स्वारगेटहून मुक्कामाची एसटी. ही गाडी संध्याकाळी सुटायची, रात्री गावात पोचून तिथेच थांबायची आणि पहाटे पुण्याकडे परतायची. आम्ही अंधारात उतरायचो, मारुतीच्या देवळात पथाऱ्या टाकायचो आणि उजाडायच्या आत वाटेला लागायचो. कारवीच्या रानातून वर निघताना पानांवरचं दव खांद्यावर सांडायचं. घसाऱ्यावर पाय कसा रोवायचा, कातळात हात कुठे घालायचा आणि कुठे मुळीच घालायचा नाही, टाक्यातलं कोणतं पाणी प्यायचं, हे सगळं तेव्हाच अंगात मुरलं. लग्न ठरताना मी एवढंच सांगितलं होतं की हे सुटणार नाही. तो म्हणाला, "मला चढ झेपत नाही आणि आवडतही नाही. तू जात जा."

तो ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि त्याचा जीव गाण्यात. आता डिसेंबर हा सह्याद्रीत फिरायचा खरा महिना. पावसाळी निसरडं गेलेलं, टाक्यांना पाणी भरपूर, हवा स्वच्छ. आणि पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव असतो तोही डिसेंबरातच. तेव्हा तो रमणबागेत भरायचा आणि शेवटचं सत्र रात्रभर चालायचं. पहाटे सतरंजीची वळकटी काखेत मारून तो जिना चढत असायचा आणि मी बुटांच्या नाड्या आवळत असायचे. जिन्यातच आमची भेट व्हायची. कोण काय गायलं ते तो दोन वाक्यांत सांगायचा, मी गडाचं नाव सांगायचे, आणि तो झोपायला जायचा.

पहिल्या वर्षी दोघांनीही प्रयत्न करून पाहिला, नाही असं नाही. मी रमणबागेत एक अख्खी रात्र बसले. मन लावून ऐकलं, पण विलंबित ख्यालात माझं चित्त ठरत नाही. तो माझ्याबरोबर राजगडला आला. चोर दरवाजाच्या खालच्या खड्या टप्प्यावर दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पाऊल तोलत वर आला. पद्मावती माचीवर पोचल्यावर पाणी प्यायला, सुवेळेकडे बघितलं आणि म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून मी पुन्हा येईन. पण त्याने तुला बरं वाटणार नाही." तो असं बोलला नसता तर आम्ही आणखी काही वर्षं एकमेकांच्या आनंदात रुसक्या तोंडाने बसलो असतो. अशी जोडपी मी गडांवर पुष्कळ पाहिली आहेत. एक जण पुढे, एक जण मागे, आणि मागच्याच्या चेहऱ्यावर प्रत्येक वळणाचा हिशेब.

त्या राजगडानंतर मी निघाले तेव्हा त्याने चिठ्ठी मागितली. जुन्या प्रश्नपत्रिकेचा पाठकोरा कागद पुढे केला आणि एकेक विचारून लिहून घेतलं. गाव कोणतं. चढायची वाट, उतरायची वाट. सोबत कोण कोण, त्यांच्या घरचे नंबर. वाटाड्या घेणार असाल तर कोणत्या वाडीतला. पाणी कुठे. अंधार पडला तर थांबणार कुठे. परतीची एसटी. आणि सगळ्यात खाली त्याच्या अक्षरात: "किती वाजेपर्यंत काळजी करायची नाही." ही शेवटची ओळ मला कुठल्याच लीडरने शिकवली नव्हती. परतीची वेळ सगळेच सांगतात आणि ती हमखास हुकते. मग घरातली माणसं त्या वेळेपासून घड्याळाकडे बघत बसतात. त्याने एसटी चुकणं, कुणाचा पाय मुरगळणं, धुक्यात वाट न दिसणं हे सगळं धरून पुढची एक वेळ ठरवली. तोपर्यंत तो निवांत असणार. त्यानंतर मात्र कुणाला फोन करायचा, कुठल्या गावात निरोप धाडायचा, हे कागदावर तयार.

तोरणा ते राजगड या चालीत त्या चिठ्ठीचा कस लागला. वेल्ह्यातून तोरणा चढलो, बुधला माचीवरून उतरून डोंगरधारेने राजगडाकडे निघालो. निम्म्या वाटेत एका मैत्रिणीचा घोटा मुरगळला. फडकं आवळून, काठी देऊन, तिची सॅक वाटून घेऊन हळूहळू चालत राहिलो. संजीवनी माचीखाली अळू दरवाजाशी पोचेतो दिवस मावळला होता. रात्र पद्मावतीच्या देवळात काढली. सकाळी गुंजवण्यात उतरून, मिळेल त्या जीपने मार्गासनी गाठलं आणि एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. सासूबाई रात्रभर जाग्या होत्या. त्याने फोन घेतला आणि विचारलं, "पद्मावतीवर थांबलात ना? मी आईला तेच सांगत होतो. बारापर्यंत वेळ होती अजून. पाय कुणाचा?" कुणाचा तरी पाय असणार हे त्याने धरलेलंच होतं.

मुलगी झाल्यावर काही वर्षं मी फारशी गेले नाही. नंतर पुन्हा सुरू केलं तेव्हा कुरबुर झाली ती सासूबाईंची, तीही जानेवारीत. संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस, आणि गडांचेही. सून वाण लुटायचं सोडून डोंगरात जाते हे त्यांना चारचौघींत सांगणं जड जायचं, आणि त्यांचं ते वाटणं मला समजत होतं. तोडगा साधा निघाला. हळदीकुंकू मधल्या वारी करायचं, शनिवार-रविवार माझे. पोरीला तो बघायचा. तिच्या शाळेच्या गटात असा एकही बाप नव्हता, म्हणून इतर आया त्याचं फार कौतुक करायच्या. मला ते कौतुक कधी पटलं नाही. तो गाण्याला जायचा तेव्हा मी पोरीला बघायचे, त्याचं कौतुक कुणी केलं नव्हतं.

माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली लग्नानंतर डोंगरातून गेल्या त्या गेल्याच. त्यांना कुणी बंदी घातली नव्हती. 'दोघांनी मिळून करू असं काहीतरी शोधू' असं ठरलं आणि मिळून करायला शेवटी टीव्ही उरला. मला याचं अजून वाईट वाटतं. त्यातल्या दोघी माझ्यापेक्षा कातळ फार सुरेख चढायच्या.

एका सप्टेंबरात आम्ही हरिश्चंद्रगडावर होतो. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, मधोमध खोबणीसारखा आत गेलेला. सकाळी सूर्य पाठीशी होता आणि कड्याखाली दरीत धुकं काठोकाठ भरलं होतं. त्या धुक्यावर आमच्या सावल्या पडल्या आणि डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटलं. इंद्रवज्र म्हणतात ते हे. इथूनच दिसलेल्या अशा वर्तुळाची नोंद कर्नल साइक्सने १८३५ मध्ये करून ठेवली आहे. आम्ही तिघी कड्यापासून जरा मागे, खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. मी म्हटलं, माझ्या डोक्याभोवती आहे. शेजारची म्हणाली, नाही, माझ्या. तिसरीही तेच. वाद मिटेना तोवर धुकं हललं आणि वर्तुळ गेलं.

घरी येऊन मी त्याला हे सांगितलं. त्याने त्याच ट्रेकच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात आकृती काढली. सूर्य, डोकं, धुक्याचे बारीक थेंब. उजेड थेंबांवर पडून जवळजवळ आल्या वाटेनेच परत फिरतो. म्हणून तो ज्याच्या त्याच्या डोळ्याला स्वतःच्या डोक्याच्या सावलीभोवतीच दिसतो. तुम्ही तिघी खरं बोलत होता, म्हणाला. एकीचं वर्तुळ दुसरीला दिसणं शक्यच नाही. मी कागदाकडे बघत राहिले. माझ्याबरोबर कड्यावर असलेल्या दोघींनी माझं वर्तुळ पाहिलं नव्हतं, आणि स्वयंपाकघरात पेन्सिल घेऊन बसलेल्या या माणसाला ते मला कुठे आणि का दिसलं हे नेमकं ठाऊक होतं. त्याआधी सूर्यास्ताला कड्यावर बसलेली नवराबायको दिसली की आत काहीतरी टोचायचं. पुढे ते टोचणं हळूहळू बंद झालं.

सगळ्या चिठ्ठ्या त्याने फाइलला लावून ठेवल्यात. मी कुठल्या साली कुठल्या वाटेने उतरले हे मला आठवत नाही, त्याला काढून दाखवता येतं. २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या यादीत गेला, त्या बातमीचं कात्रणही त्यानेच त्या फाइलमध्ये लावलं. आता हातात मोबाइल आहे, मी कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. तरी घळीत आणि कड्याच्या आडोशाला रेंज जाते ती जातेच. डोंगरातल्या बचावकार्यातली माणसंही आधी हेच विचारतात: किती जण, कुठून चढले, कुठे उतरणार होते. चिठ्ठी त्यामुळे चालूच आहे. फक्त तिच्यात गुडघ्याच्या पट्ट्यासाठी एक ओळ वाढली, आणि नळीच्या वाटेसारख्या अवघड वाटा तिच्यातून गेल्या.

निवृत्तीनंतर तो मिरजेला जाऊ लागला आहे, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या गाण्याला. तिथे रात्र कधी संपेल याचा नेम नसतो. गेल्या खेपेला त्याने न मागता पाठकोरा कागद भरून माझ्या हातात दिला. उतरणार कुठे, सोबत कोण, काळजी किती वाजेपर्यंत करायची नाही, सगळं होतं. परतीची गाडी तेवढी लिहिली नव्हती. मी कागद परत केला आणि ती लिहून घेतली.