खंड पडला तरी

दोन वर्षांपूर्वी माझा स्वतःचा एचबीए१सी ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. रोज रुग्णांना "चालत जा" असं सांगणारा मी, घर ते दवाखाना मात्र स्कूटरवर! वडिलांचा मधुमेह जवळून पाहिलेला होता. घाबरलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्यातली पर्वती गाठली.

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पण माझी अडचण पायऱ्यांची नव्हती, सातत्याची होती. पंधरा दिवस उत्साह, मग पाऊस, लग्नकार्य किंवा सर्दी. आणि एकदा खंड पडला की व्यायाम कायमचा बंद.

तिथे एक काका रोज दिसत. पक्षाघात होऊन गेलेला असावा. काठी टेकून उजवा पाय वरच्या पायरीवर ठेवायचे, मग डावा ओढून शेजारी आणायचे. आम्ही कधी बोललो नाही. मान हलवली की झालं. पण अंथरुणातून उठायचा कंटाळा आला की ते आठवायचे.

मग तीन आठवडे ते दिसलेच नाहीत. नको नको ते मनात आलं. एका सकाळी मात्र पुन्हा आले. दहा पायऱ्या चढले, बसले आणि शांतपणे उतरले. चेहऱ्यावर खंत नव्हती. पुढच्या आठवड्यात वीस पायऱ्या झाल्या.

त्यानंतर मी तापाने आजारी पडलो, तेव्हा बरा झाल्यावर तसाच थोड्यापासून सुरू झालो. पहिल्यांदाच व्यायाम सुटला नाही. परवाचा एचबीए१सी ५.६ आहे.

व्यायामाने स्नायू रक्तातली साखर चांगली वापरू लागतात; पण हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड शक्यतो नको. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं पुरे: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतक्या वेगाने. आजारपणानंतर आधीच्या निम्म्याहूनही कमी करा आणि हळूहळू वाढवा. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या नकोत, सपाट रस्ता बरा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

काकांचं नाव मला अजून माहीत नाही. उद्या विचारणार आहे.